छप्पर जागेवर आहे तोवर ठरवा: बडोद्यातल्या कुलूपबंद घरांच्या वारसांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

पुण्यात, ठाण्यात, बंगळुरूत, न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि बडोद्यात आजोबा-पणजोबांचं घर असलेल्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र आहे. गायकवाडी राज्यात कारकून, मास्तर, वैद्य, वकील म्हणून आलेल्या तुमच्या माणसांनी ही घरं बांधली. आज दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतल्या गल्ल्यांमधून चाललं की त्यातल्या कितीतरी दारांना गंजलेली कुलपं दिसतात. असंच एक घर आम्ही सात वारसांकडून विकत घेतलं. माडीचा अर्धा भाग वापरण्याजोगा नव्हता, मागच्या पडवीचं छप्पर बसलं होतं. ते दुरुस्त करून आता आम्ही तिथे राहतो. त्या सगळ्या खटपटीत जे समजलं त्यावरून तुमच्याकडे एकच मागणं आहे. घराचं काय करायचं ते ठरवा, आणि छप्पर जागेवर आहे तोवर ठरवा. विका, दुरुस्त करून राहा, भाड्याने द्या, एखाद्या संस्थेला द्या. यातलं काहीही केलंत तरी घर वाचू शकतं. काहीच न ठरवल्यामुळे मात्र ते नक्की पडतं.

2018 च्या फेब्रुवारीत 91 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं, तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळजण आला होतात. तेव्हा जुन्या घरापाशी उभं राहून आठवणी सांगणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं आहे. त्या मायेबद्दल मला शंका नाही. पण त्यानंतर किती पावसाळे गेले ते मोजा, आणि तेवढ्या वर्षांत कौलांवर कोण चढलं ते आठवा.

या घरांचा खरा शत्रू पाणी आहे. आपल्या जुन्या घरांचा भार लाकडी सांगाड्यावर असतो. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडव्या लाकडी कड्या, कड्यांवर फळ्या. भिंती विटांच्या, चुन्यात नाहीतर मातीत रचलेल्या. वर कौलं. चांगलं सागवान कोरडं राहिलं तर शंभर वर्षं त्याला काही होत नाही. पण माकडाच्या उडीने किंवा वाऱ्याने एक कौल सरकतं आणि पाणी नेमकं भिंतीच्या माथ्यावर उतरतं. तुळईचं टोक त्याच भिंतीत गाडलेलं असतं. तिथे वारा नाही, ऊन नाही. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, मग मागोमाग वाळवी येते. उघड्यावरचं लाकूड पुन्हा वाळतं, भिंतीतलं टोक वाळतच नाही.

आमच्या माजघरावरची मुख्य तुळई खालून पाहिली तर काळीभोर, गुळगुळीत, ठणठणीत. हिला हात लावायची गरज नाही असंच सगळ्यांचं मत पडलं. सुतारकाकांनी मात्र शिडी लावली, तुळई जिथे भिंतीत शिरते तिथला गिलावा खरवडला आणि पेचकस टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर ओढला तेव्हा त्याबरोबर गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखा ओला, तपकिरी भुसा निघाला. त्याच तुळईवर हातभर अलीकडे त्यांनी पेचकसावर हातोडी मारली, तर नुसता ओरखडा उठला. एवढी मोठी तुळई, आणि नासली होती ती फक्त टोकाची वीतभर. पण माडीचा सगळा भार त्या वीतभरावरच होता.

पुढे काय करावं लागलं तेही सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांचा समज असा आहे की एकदा लाकूड सडलं की घर गेलं. खाली जॅक आणि ठेपे लावून माडी केसभर उचलली. सडलेलं टोक कापून काढलं. जुन्याच सागाचा तुकडा आणून लांब तिरक्या सांध्याने जोडला, दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या घालून आरपार नटबोल्ट आवळले. भिंतीतला खळगा मोठा केला, टोकाखाली दगडी पाट बसवला आणि लाकडाभोवती हवेला जागा सोडली. तुळई आज भार घेऊन उभी आहे. आणखी काही पावसाळे गेले असते तर टोक सुटून माडी खाली आली असती आणि मग दुरुस्तीला काही उरलंच नसतं. हा फरक केवळ वेळेचा आहे, म्हणून मी इतक्या कळकळीने लिहिते आहे.

निर्णय होईतोवर निदान घर कोरडं ठेवा. दरवर्षी मेमध्ये शाकारणी करून घ्या, म्हणजे कौलं नीट बसवून घ्या. पन्हळीतला पाला काढायला सांगा. भिंतीत पिंपळाचं रोप आलं असेल तर ते नुसतं वरून छाटू नका, मुळासकट काढून ती फट चुन्याने भरून घ्या. छाटलेला पिंपळ दुप्पट जोराने फुटतो. विजेचं मेन स्विच बंद ठेवा, कारण लाकडी पट्टीतली जुनी वायर ओलीला पहिली बळी पडते. आणि किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा. 2024 च्या ऑगस्टअखेरीला विश्वामित्री नदीला पूर आला, शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्या आठवड्यात पावसानेही उसंत दिली नाही. आमच्या गल्लीतल्या एका बंद घरात धो धो गळत होतं, बाहेर ऐकू येत होतं. कुलूप तोडायचं की नाही यावर शेजारी ओसरीत उभे राहून चर्चा करत राहिले, कारण ज्यांचं घर त्यांचा फोन लागत नव्हता.

शेजाऱ्यांचा यात काय संबंध, असं वाटेल. आपल्या जुन्या गल्ल्यांत दोन घरांमध्ये एकच भिंत असते, जिला इथे आपण सगळे मजियारी म्हणतो. तिच्या एका बाजूला तुमच्या कड्या टेकलेल्या, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याच्या. तुमच्या छपरातलं पाणी त्याच्या देवघरात ओल होऊन उतरतं. तुमचं घर पडलं तर त्याची भिंत उघडी पडते. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची निर्भयता शाखा जर्जर घरांना नोटिसा देते. कायद्याने धोकादायक इमारत उतरवायला लावण्याचा अधिकार पालिकेला आहे आणि तो असायलाही हवा, खालून शाळेची मुलं जातात. पण नोटीस बंद दारावर चिकटून राहते आणि वाचायला घरात कुणी नसतं. पुढे घर उतरवलं जातं, तेव्हा त्यातलं चांगलं आणि वाईट निवडायला कुणाला सवड नसते.

आता कागदांबद्दल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या पाहण्यात जितकी घरं पाण्याने पडली तितकीच या गाठीने अडकून पडली.

आधी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढून बघा. बहुधा त्यावर अजून आजोबांचंच नाव असेल. आजोबा मृत्युपत्र न करता गेले असतील आणि घर त्यांच्या स्वकष्टाचं असेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आजीला, मुलांना आणि मुलींना सारखा वाटा जातो. मुलींनाही, हे मुद्दाम लिहिते. घर वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाचं असेल तर 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे, आणि त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं आहे. आमच्या व्यवहारात तीन भावांनी आपसात सगळं ठरवून बानाख्याची (विक्रीच्या कराराची) तारीखही काढली होती. नागपूरच्या आत्याला कुणी विचारलंच नव्हतं. त्यांना विकायला काहीच हरकत नव्हती, पण आपल्याला कुणी कळवलं नाही याचं त्यांना फार वाईट वाटलं, आणि ती समजूत काढण्यात एक आख्खा पावसाळा गेला. त्याच पावसाळ्यात पडवी बसली. बहिणींना, आत्यांना, त्यांच्या मुलांना सगळ्यात आधी फोन करा. कायदा तर तसं सांगतोच, पण त्या घरात त्यांचंही बालपण गेलं आहे.

मग पेढीनामा (वंशावळीचा दाखला) करून वारसाई नोंद लावून घ्या. ज्यांना हिस्सा नको आहे त्यांचा हक्क-कमीचा (हक्क सोडल्याचा) लेख नोंदवून घ्या. तोंडी "मला काही नको, तुम्हीच बघा" याला खरेदीच्या वेळी काडीचीही किंमत नाही. परदेशात असलेल्यांनी मुखत्यारपत्र करायचं तर ते भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीपुढे करून अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) घ्या, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्या. टपालाचं पाकीट कपाटात ठेवून ही मुदत घालवलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. परदेशस्थ विक्रेत्याच्या हिश्शावर खरेदीदाराला बराच जास्त टीडीएस कापावा लागतो. तो कमी व्हावा म्हणून आयकर खात्याकडून आधीच प्रमाणपत्र घेता येतं. घर जुनं असल्याने 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, तेव्हा नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल वेळेत काढून घ्या. शहराच्या ज्या भागांना 1991 चा अशांत धारा (दंगलप्रवण भागांतल्या मालमत्तेच्या विक्रीवरचा गुजरातचा कायदा) लागू आहे, तिथे विक्रीआधी कलेक्टरची परवानगी लागते. ती घेतल्याशिवाय केलेला व्यवहार टिकत नाही. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणूनच गिऱ्हाईक आल्यावर कागद काढू म्हणू नका. कागद तयार असतील तरच राहायला येणारं कुटुंब तुमच्यापर्यंत पोचेल.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. तुम्ही म्हणता, बिल्डरला द्यायचं नाही, कुणी आपल्यासारखं राहणारं मिळालं तर बघू. भावना चांगली आहे. पण राहणारं कुटुंब म्हणजे पगारदार माणसं. त्यांना बँकेकडे जावं लागतं. आमच्या वेळी एका बँकेचा माणूस आला, खाली उभा राहून वर पाहिलं आणि "इमारतीचं आयुष्य संपलं आहे" असं लिहून गेला. माडीवर तो चढलाच नाही. कर्जाची मुदत संपेपर्यंत इमारत उभी राहील अशी खात्री बँकेला हवी असते, आणि ती स्ट्रक्चरल इंजिनियरच्या अहवालाशिवाय मिळत नाही. तो अहवाल काढायला घर उघडं हवं, कुठेकुठे गिलावा खरवडायला तुमची संमती हवी. आम्हाला ती मिळाली नसती तर तुळईचं टोक कधी दिसलंच नसतं, आणि कर्जही झालं नसतं. तुम्ही किल्ली दिली नाहीत, सातबाऱ्यासारखे जुने दाखले पुढे करून "टायटल क्लिअर आहे" म्हणत राहिलात, की पगारदार माणूस माघारी जातो. शेवटी उरतो तो रोख मोजणारा, आणि त्याला फक्त खालच्या जमिनीशी देणंघेणं असतं.

किमतीबद्दल स्पष्ट बोलते. 15 एप्रिल 2023 पासून गुजरातेत जंत्री (मालमत्तेच्या किमतीचे सरकारी दर) दुप्पट झाली, तेव्हापासून अनेकांच्या मनातला आकडाही दुप्पट झाला आहे. आपल्या गल्ल्यांत ट्रक शिरत नाही, माल हातगाडीवरून आणावा लागतो, दोन्ही बाजूंना सामाईक भिंती सांभाळाव्या लागतात. शहराच्या नव्या भागातल्या वासणा रोडच्या भावाने या जागेची किंमत धरली तर हिशेब कुणालाच जमणार नाही. घेणाऱ्याला 4.9 टक्के मुद्रांक शुल्क भरायचं असतं, आणि घर घेतल्यावर जवळजवळ घराच्या किमतीएवढीच रक्कम पुन्हा घरात घालायची असते. आमच्या बाबतीत दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या वर गेला. (दस्तावेज बाईच्या, म्हणजे माझ्या, नावावर केल्यामुळे एक टक्का नोंदणी फी वाचली. घेणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावं.) तुम्हाला तोटा सोसा असं मी सांगत नाही. मात्र ज्या घरात राहायला येणारं माणूस दिसत असेल, तिथे दुरुस्तीचा खर्च डोळ्यापुढे ठेवून किंमत बोला.

आणि कृपा करून लाकूड आधी विकू नका. जुने कोरीव खांब, दिंडी दरवाजे, झरोक्यांच्या चौकटी घेणारे व्यापारी गल्लीगल्लीत फिरतात. "घर तर पडणारच आहे, एवढं तरी सोडवून घ्या," असं ते म्हणतात. दोन खांब काढून त्या जागी लोखंडी पाइप उभे केलेलं एक घर मी आतून पाहिलं आहे. शेजारच्या कड्या आपापल्या खाचांतून निसटायला लागल्या होत्या. हा सांगाडा खुंट्यांनी आणि सांध्यांनी एकमेकांत अडकवलेला असतो, त्यातला एक भाग काढला की उरलेला कमजोर होतो. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा तुम्ही पाहिला असेल. 1849 ते 1854 या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा तो वाडा, 19 व्या शतकातली भित्तिचित्रं असलेला, आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. असं संरक्षण थोड्याच वास्तूंच्या वाट्याला येतं. आपल्या मध्यमवर्गीय तीन खणी घरांकडे कुठलं खातं बघणार? त्यांना वाचवणं फक्त तुमच्या आणि माझ्यासारख्या माणसांच्या हातात आहे.

ज्यांना विकायचं नाही, दुरुस्त करायचं आहे, त्यांचं मनापासून स्वागत. तुमच्यासाठी दोन-चार गोष्टी. आधी छप्पर, मग लाकूड, मग सांडपाण्याची वाट, मग वायरिंग, आणि फरशी-रंग सगळ्यात शेवटी. बहुतेकजण मोरी आणि स्वयंपाकघरापासून सुरुवात करतात, आणि वरून गळून नवीन टाइल्सवर पाणी साचतं. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारू देऊ नका. कंत्राटदार हमखास तोच सुचवेल, स्वस्त आणि झटपट म्हणून. वर्षभर भिंत कोरडी दिसेल. पण ओल आत कोंडून राहते, क्षार घेऊन वर चढते, आणि मग पोपडे सुटतात, विटा भुरभुरतात. आम्ही चुना कळी आणून हौदात भिजवून मुरवला, विटांची सुरखी मिसळली आणि तोच गिलावा केला. तो हळू वाळतो, रोज पाणी मारावं लागतं, आणि तो करू जाणणारे कारागीर शोधावे लागतात. आमचे कडिया (गवंडी) दाहोदकडचे. होळीला सगळे गावी गेले आणि काम थांबलं. या कामाला घाई चालत नाही हे धरूनच वेळापत्रक आखा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, म्हणून पायाजवळून जाणारी फुटकी खापरी नळी आधी बदला. भिंतींतल्या कितीतरी तड्यांचं मूळ तिथेच असतं.

एक गोष्ट सरकारच्या कानावरही जावी म्हणून इथेच लिहिते. आयकराची जुनी पद्धत निवडली तर राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाला वर्षाला फक्त 30,000 रुपयांची वजावट मिळते. तेच घर पाडून नवं बांधलं तर 2 लाखांपर्यंत मिळते. म्हणजे पाडणाऱ्याला सवलत जास्त. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि ज्यांची अर्थखात्यात ओळख आहे त्यांनी ते तिथे पोचवावं.

भाडेकरू असलेल्या घरांचा प्रश्न वेगळा आणि गुंतागुंतीचा आहे. त्यात मी शिरत नाही. इतकंच म्हणेन की जुनं भाडं कितीही तुटपुंजं असलं तरी आत चूल पेटते आहे आणि गळलं तर कुणीतरी बादली लावतं आहे, म्हणून ते घर उभं आहे. त्यांच्याशी भांडण असलं तरी शाकारणीचे पैसे थांबवू नका.

येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी काहीजण लग्नामुंजीला बडोद्यात याल. त्यातला एक दिवस घरासाठी ठेवा. सकाळी सिटी सर्व्हे कचेरीत जाऊन प्रॉपर्टी कार्डाचा उतारा काढा. दुपारी एखादा माहितगार सुतार आणि इंजिनियर बरोबर घेऊन घर उघडा, आणि तुळयांची टोकं टोचून बघायला सांगा. संध्याकाळी सगळ्या भावंडांना, आत्यांना, चुलत-मावस नातलगांना एका फोनवर घ्या आणि सुताराने, इंजिनियरने काय पाहिलं ते सांगा. आमचं घर बघायचं असेल तर जरूर या. जोडलेली तुळई आम्ही मुद्दाम गिलाव्यात झाकलेली नाही. सांधा, पट्ट्या, बोल्ट सगळं उघडं आहे, म्हणजे तुमच्या सुताराला हात लावून बघता येईल. ज्यांनी काम केलं त्या कारागिरांशीही गाठ घालून देईन. त्यांतले एक-दोघे आता वयस्कर झाले आहेत, तेव्हा हे काम फार पुढे ढकलू नका.

आपली,
दांडिया बाजारातली एक शेजारीण